खोली क्रमांक सात, राहणार वाकोला

वाकोला, रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय तेजल,

जय भीम.

परवा नक्की कळलं. बिल्डरने पुनर्वसनासाठी दिलेल्या यादीत आपल्या समता नगरच्या मागच्या ओळीतल्या अकरा खोल्या नाहीत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सरकारी कार्यालयातल्या लेखनिक बाईंनी स्वतः यादी समोर धरली आणि बोट फिरवून दाखवली. एक ते एक्केचाळीस, खाली सही-शिक्का. बेचाळीस ते बावन्न नाहीतच. मी म्हटलं, "अहो, पन्नास नंबरात द्रौपदी सव्वीस वर्षं साड्यांना फॉल लावतेय, ती काय हवेत बसून लावते?" त्या म्हणाल्या, "बाई, जे यादीत नाही ते जागेवर नाही."

आपला निलेश, बारा नंबरचा, हल्ली बिल्डरचं काम बघतो. तो म्हणतो, मागच्यांना माणुसकीखातर माहुलला खोल्या देऊ, तात्पुरत्या. रिफायनरीच्या कुशीत. तिथे तात्पुरतं गेलेलं माणूस वाकोल्याला परत आलेलं मी तरी बघितलेलं नाही.

माझी तीन नंबर पुढच्या ओळीत आहे, मला फ्लॅट मिळणार. तरी मी ठरवलंय, वस्तीची मोजणी आपणच करायची. शाळेच्या नोकरीत तीन जनगणना केल्यात. घर कसं मोजायचं हे मला बिल्डरने शिकवायचं नाही.

तू फोनवर सारखं 'आमची काउंटी' म्हणतेस. ते काय, तालुका की जिल्हा? लोक किती, कारभार कोण बघतं, घरांची नोंद कोण ठेवतं, नीट लिहून पाठव. फोनवर नको. फोनवर तू हो-हो करतेस आणि मागे काही उरत नाही. मी हाताने लिहून फोटो पाठवतेय, तू टाइप कर.

आणि एक. प्रेमाताई गेल्यापासून सात नंबरचे कागद तुझ्या नावावर आहेत. आईच्या खोलीसाठी कुणी सही मागितली तर आधी मला कळव.

तुझी,
जया मावशी


कॅरी, वेक काउंटी, नॉर्थ कॅरोलिना
२४ जानेवारी २०२६

मावशी, जय भीम.

तू परीक्षाच घेतलीस. घे उत्तरपत्रिका.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समज, फक्त कलेक्टर नाही. लोकांनी निवडलेलं मंडळ असतं आणि मंडळाने नेमलेला व्यवस्थापक. २०२० च्या जनगणनेत आमच्या वेक काउंटीत अकरा लाख एकोणतीस हजार माणसं होती. आता आणखी वाढली. अंधेरी-सांताक्रूझच्या गर्दीत ती सहज हरवतील, पण इथे ही राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या काउंट्यांपैकी एक. बारा शहरं आणि गावं. त्यातलं मोठं रॅले, तेच राज्याची राजधानी. गंमत म्हणजे इथे शहराची राजधानी झाली नाही, राजधानीचं शहर झालं. १७९२ साली जमीन विकत घेतली, चौकोनी नकाशा आखला आणि वसवलं. काउंटी त्याहून वीसेक वर्षांनी जुनी. नाव एका गव्हर्नरच्या बायकोच्या माहेरच्या आडनावावरून.

माती लाल आहे, कोकणातल्यासारखी. रॅलेला पाणी फॉल्स लेक नावाच्या धरणाचं. शाळा सगळ्या काउंटीची मिळून एकच संस्था चालवते. आम्ही राहतो त्या कॅरीत आपली माणसं खूप, ज्वारीचं पीठसुद्धा मिळतं. मोठमोठ्या कंपन्या, विद्यापीठं, झाडीतून चालायला रस्ते.

घरांची नोंद काउंटी ठेवते आणि ती उघडी असते. कुणीही संगणकावर पत्ता टाकावा, मालक कोण, कधी घेतलं, सगळं दिसतं. मला आधी विचित्र वाटलं होतं.

मावशी, एक सांगू? तू यात फार पडू नकोस. मागच्या जुलैत संडासाच्या पायरीवर पडलीस, तीन आठवडे आडवी होतीस. नवीन इमारतीत लिफ्ट असेल, बाथरूम आत असेल. तुला नको का?

तुझ्या जावयाचा, सम्यकचा नमस्कार.

तुझी तेजू


वाकोला, ८ फेब्रुवारी २०२६

तेजू,

जय भीम. तुझं पत्र दोनदा वाचलं. बिल्डरचं माहितीपत्रक असंच असतं, फक्त त्यात पोहण्याचा तलाव जास्त असतो. सगळं चकाचक. झाडू कोण मारतं तिथे? जमीन विकत घेतली म्हणतेस, तेव्हा त्या जमिनीवर राबत कोण होतं? त्यांची नातवंडं-पतवंडं आता कुठे राहतात? जनगणनेत पहिलं शिकवतात की मोठ्या रस्त्यावरून गाव मोजायचं नाही, मागच्या बाजूने शिरायचं.

उघड्या नोंदीची गोष्ट मात्र मानली. मी वाचनालयात जाऊन तुझा पत्ता टाकला. निघालं की घर! तेजल, सम्यक, साल २०१९. वाचनालयातली मुलगी म्हणाली, "मॅडम, अमेरिकेत फ्लॅट बघताय काय?" मी कागद छापून घेतला.

आपली यादी निलेशच्या कपाटात कुलूपबंद. म्हणून मी आपली यादी भिंतीवर काढली. बुद्धविहाराची रस्त्याकडची भिंत, सगळ्या बावन्न खोल्या. नंबर, नाव, राहणारी माणसं, कधीपासून, पुरावा कोणता. अक्षरं राजाराम परबांनी रंगवली, मागच्या ओळीतले, सत्तेचाळीस नंबर. मिलमध्ये कापडाच्या गाठींवर नंबर मारायचं काम होतं त्यांचं. मला म्हणाले, "बाई, अक्षरां मोठी काढूया. बिल्डराक लांबचा दिसत नाय."

संध्याकाळी निलेश आला.

"मावशी, हे काय लावलंय? लोकांची प्रायव्हसी असते ना!"

"आधी बारा नंबरला तुझ्या आईचं नाव बरोबर लिहिलंय का बघ. मग प्रायव्हसी सांग."

"तुमचा फ्लॅट पक्का आहे. कशाला सगळ्यांची वाट लावताय?"

"पक्का आहे म्हणून तर बोलतेय रे. ज्यांचा नाही त्यांना तू बोलू देशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी भिंत चुन्याने पुसलेली. दुपारपर्यंत राजारामांनी पुन्हा रंगवली, आधीपेक्षा मोठी. पुढच्या ओळीने बैठक घेऊन मला कमिटीच्या अध्यक्षपदावरून काढलं. माझ्यामुळे त्यांचे फ्लॅट लांबणार म्हणे. शेजारची चार नंबर माझ्याशी बोलत नाही. पहाटे तिचा नळ माझ्या नळाशेजारीच असतो, तिथेही तोंड फिरवून उभी राहते. राहू दे.

एक रकाना रिकामा आहे : बिल्डरच्या योजनेला संमती दिली की नाही. बिल्डर म्हणतो, निम्म्याहून जास्त लोकांनी दिलीय. कुणी ते सांगत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. आला की भरते.

मावशी

ता.क. सहीबद्दल तू काही लिहिलं नाहीस.


कॅरी, १६ फेब्रुवारी २०२६

मावशी, जय भीम.

तुझे प्रश्न झोंबले. पण शनिवारी गेले शोधायला.

रॅलेत ओबरलिन नावाचा भाग आहे. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांनी स्वतः जमिनीचे तुकडे घेऊन वसवलेलं गाव होतं ते. घरं, चर्च, शाळा, सगळं त्यांनी उभं केलं. मग शहर वाढत वाढत त्याच्यावरून गेलं. आता थोडी जुनी घरं उरलीत आणि झाडाखाली एक दफनभूमी. बरेच दगड बिननावाचे. मी त्या बाजूला कितीदा कॉफी प्यायला गेलेय, मावशी. पाटी कधी वाचली नव्हती.

एक म्हातारी बाई तिथे पानं गोळा करत होती. मी म्हटलं, मी जवळच राहते, पण हे माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "कॅरी? मग तू जवळ नाही राहत, बाळ." आणि हसली. मला हसू आलं नाही.

भिंतीचा फोटो बघितला. अक्षर झकास आहे. पण तो संमतीचा रकाना भरायलाच हवा का? माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील. निम्मे लोक आपलेच आहेत.

तेजू


वाकोला, १२ मार्च २०२६

तेजल,

काल टपालाने उत्तर आलं. एकवीस संमतिपत्रांच्या प्रमाणित प्रती. एक्केचाळीसात एकवीस. एक जरी कमी असतं तरी भागलं नसतं.

एकविसावं पत्र खोली क्रमांक सातचं. तेजल सम्यक कांबळे, वय ३६. 'राहणार समता नगर, वाकोला. सदर खोलीत सन १९९८ पासून आजतागायत सलग वास्तव्य.' दिनांक २३ नोव्हेंबर. खाली तुझी सही. खोटी नाही, मी तुला अक्षर शिकवलंय.

राजाराम ब्रश घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "सात नंबराक काय लिवू?"

मी म्हटलं, "दिली, लिहा."

भिंतीवर तुझं नाव आहे.

जया


कॅरी, १३ मार्च २०२६

मावशी,

हो, मी सही केली. तुझं पहिलं पत्र यायच्या आधी. नंतर सांगायचं धाडस झालं नाही, आणि मग जितके दिवस गेले तितकं अवघड झालं.

निलेशने कागद मेलवर पाठवले. "तेजूताई, एका सहीसाठी अडलंय. जयामावशी हट्टी आहेत, त्यांना तुम्हीच लिफ्टमध्ये बसवा." आई गेली तेव्हा विमान चुकलं माझं. मी पोचेपर्यंत त्यानेच सगळं सांभाळलं होतं. त्याला नाही कसं म्हणणार होते? पत्ता छापलेलाच होता. मला वाटलं, खोलीचा पत्ता म्हणून लिहिलाय. खाली वास्तव्याची ओळ होती. मी वाचली. वाचली आणि सोडून दिली.

मागची ओळ यादीत नाही हे मला ठाऊक नव्हतं. हे खरं आहे. पण मी विचारलंही नाही, तेही खरं आहे.

आणि मावशी, राग येऊ दे, पण तू पडलीस तेव्हा मी इथे फोन धरून बसले होते. तू उठेपर्यंत मला झोप नव्हती. तुझ्यासाठी मी काही करायचंच नाही का? भिंतीवर नाव लिहायच्या आधी एक फोन तरी करायचास.

तेजल


वाकोला, १७ मार्च २०२६

तेजू,

फोन करायला हवा होता. ते माझं चुकलं. नाव मात्र लिहिलंच असतं.

माझी कंबर यात घालू नकोस. मला लिफ्ट हवी आहे. मी काय साधू आहे? आत बाथरूमही हवं, गरम पाण्याचा नळ हवा. पण द्रौपदीला माहुलला पाठवून नको. तू मला विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं. तू विचारलंस निलेशला, माझ्याबद्दल.

आता नीट वाच. या यादीप्रमाणे इथे सव्वीस वर्षं राहणारी द्रौपदी नाही, आणि कॅरीत राहणारी तू आहेस. एवढ्या एका ओळीने यादी पडते. पण माझ्या तोंडाला किंमत नाही. वाचनालयात छापलेला तुझ्या घराचा कागद घेऊन गेले, तर लेखनिक बाई म्हणाल्या, वेबसाइटचा कागद चालत नाही. तिने स्वतः शपथेवर लिहून द्यायला हवं, तिथल्या नोटरीपुढे, आणि वर तिथल्या राज्य सरकारचा असा शिक्का, जो परदेशात ग्राह्य धरतात. अपॉस्टिल म्हणतात त्याला. यादीवर मी हरकत घेतलीय, तिची सुनावणी १६ एप्रिलला आहे.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी आणि निलेश सारखेच. तू इथे राहत नाहीस असं लिहून दिलंस की सात नंबर बंद खोली ठरते. बंद खोलीला काहीच मिळत नाही. प्रेमाताईने त्या दहा बाय बारासाठी काय काय केलं ते तुला माहीत आहे. दोनदा पाडायला आले तेव्हा तुला पोटाशी घेऊन दारात बसली होती.

मी 'कर' म्हणणार नाही. 'करू नकोस' असंही म्हणणार नाही. तुझी सही आहे.

मावशी


कॅरी, २८ मार्च २०२६

मावशी, जय भीम.

केलं.

सम्यक दोन दिवस वाद घालत होता. "तुमच्या वस्तीचं राजकारण, इथून कशाला हात घालतेस? आणि ती आईंची एवढीच आठवण आहे." मी म्हटलं, आठवण आहे म्हणूनच तिच्यावर खोटं लिहिलेलं नको. मग सुट्टी टाकून गाडी त्यानेच चालवली.

निलेशचा फोन आला. मीच त्याला कळवलं होतं, पाठीमागून नको म्हणून.

"ताई, सात नंबर गेली समजा."

"आईची खोली आहे ती, निलेश."

"मग गप बसा ना! फ्लॅट पण मिळेल, मावशी पण खूश होतील."

"मावशीला तू अजून ओळखलं नाहीस. आणि मलाही ओळखतोस असं एवढ्यात समजू नकोस."

तो म्हणाला, "तुमच्या आईच्या वेळेला मी उभा राहिलो होतो." मी म्हटलं, ते आयुष्यभर विसरणार नाही, पण त्याच्या बदल्यात अकरा घरं देणार नाही. त्याने फोन ठेवला. नंतर रडले थोडी. खोटं कशाला सांगू.

नोटरी बँकेत मिळाला. शिक्का मात्र राजधानीतच मिळतो, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात. राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहत असते तर टपालाने पाठवून वाट बघावी लागली असती. इथून अर्धा तास. वेळ ठरवून गेले. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटून बघितला.

"इंडियासाठी लोक डिग्रीचे कागद आणतात. हा कसला?"

"मी या काउंटीत राहते, एवढंच लिहिलंय."

"आणि ते तिकडे कुणाला सांगायचंय?"

"जे म्हणतात की मी तिकडे राहते, त्यांना."

त्या म्हणाल्या, "हनी, इथे राहतो हे पटवायला माणसं माझ्याकडे येतात. तिथे राहत नाही हे पटवायला आलेली तू पहिलीच." आणि शिक्का उमटवलेला कागद जोडून दिला.

प्रतिज्ञापत्रात तू सांगितलंस त्याहून जास्त लिहिलंय. मी २०१७ पासून समता नगरात राहत नाही, वेक काउंटीत राहते, संमतिपत्रातला वास्तव्याचा मजकूर खरा नाही आणि तो मी वाचून सही केली होती. माझी संमती मागे घेते. पुढे लिहिलं की १९९८ ते २०१७ मी सात नंबरात राहत असताना मागच्या ओळीत अकरा घरं होती, आणि ती नंबर आणि नावांसकट लिहिली. बेचाळीसपासून सुरू केलं, एकही अडलं नाही. पंचेचाळीसला तेव्हा इरावती आजी होत्या, आता त्यांची सून आहे ना? पन्नासला द्रौपदीकाकू. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा सुईत दोरा ओवायला शिकले, हे मात्र लिहिलं नाही.

कुरियर आजच टाकलाय. मी वाचून सही केली ही ओळ, इथे ज्या वकिलाला मसुदा दाखवला त्याने काढायला सांगितली होती. काढली नाही.

तेजू


वाकोला, रविवार, १९ एप्रिल २०२६

प्रिय तेजू,

जय भीम.

गुरुवारी सुनावणी झाली. अकराची वेळ होती, पावणेदोनला बोलावलं. तोपर्यंत मागच्या ओळीची एकतीस माणसं जिन्यात बसून होती. शिपाई म्हणाला, "इथे बसू नका, येण्या-जाण्याचा रस्ता आहे." द्रौपदी म्हणाली, "दादा, आम्ही यादीतच नाही, मग तुम्हाला दिसतो कसे?" तो बिचारा बाजूने चढून गेला.

तुझा कागद मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी शिक्का नखाने चाचपून बघितला. बिल्डरचा वकील म्हणाला, ही बाई आता परदेशी आहे, तिच्या म्हणण्याला किंमत काय? साहेब म्हणाले, "ती परदेशी आहे, मग ही संमती तुम्ही कुणाची घेतलीत?" वकील कागद चाळत राहिला. निलेश मागे उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

तू वाचून सही केलीस ती ओळ साहेबांनी मोठ्याने वाचली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते म्हणाले, स्वतःविरुद्ध लिहिणारी बाई बाकीचं खोटं कशाला लिहील? आणि तुझी अकरा नावं भिंतीच्या फोटोशी लावून बघितली. नऊ तीच निघाली, दोन ठिकाणी आता मुलगा-सून. इरावती आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या. तुला सांगायचं राहिलं होतं.

यादी रद्द झालेली नाही, स्थगित झालीय. नव्याने सर्वेक्षणाचा आदेश निघाला, तो लेखनिक बाईंनी शुक्रवारी माझ्या हातात दिला. पुढची ओळ अजून माझ्यावर फुगलेलीच आहे. चार नंबरने काल कचऱ्याची बादली मुद्दाम माझ्या दारात ठेवली. मी उचलून परत ठेवली. तिने पुन्हा ठेवली. बघू कोण आधी थकतं.

बिल्डर वर अपील करणार हे नक्की. निलेश घरोघर फिरून सांगतोय की काम दोन वर्षं मागे गेलं. असेलही. तेवढा वेळ मी पायरीला कठडा बसवून घेईन. राजारामांचा भाचा करून देणार आहे.

सर्वेक्षणवाले २८ तारखेला, मंगळवारी सकाळी दहाला येणार आहेत. मी त्यांना मागच्या ओळीतून आत घेणार आहे, बावन्नपासून. दुपारपर्यंत पुढच्या ओळीत पोचतील. सात नंबरला कुलूप बघून 'बंद' असं लिहितील. लिहिताना मी दारात उभी असेन, आणि मागच्या अकरा नोंदी झाल्यात हे बघितल्याशिवाय त्यांना तो शब्द लिहू देणार नाही.

तुझी,
जया मावशी